सोऱ्यापासून नॅनोकणापर्यंत : पाण्यातले नायट्रेट ओळखण्याची गोष्ट

केंद्रीय भूजल मंडळाच्या २०२४ च्या गुणवत्ता अहवालानुसार देशातील ४४० जिल्ह्यांच्या भूजलात नायट्रेट मर्यादेपेक्षा अधिक आढळले. २०१७ मध्ये अशा जिल्ह्यांची संख्या ३५९ होती. तपासलेल्या नमुन्यांपैकी सुमारे पाचवा हिस्सा भारतीय मानकाने ठरवलेल्या ४५ मिलिग्रॅम प्रति लिटर या सीमारेषेपलीकडे गेला होता. या आकड्यांची बातमी झाली, चर्चाही झाली. परंतु त्यांच्या मुळाशी असलेला एक जुना प्रश्न चर्चेत क्वचितच येतो : पाण्यात नायट्रेट आहे हे कळते कसे? त्याला रंग नाही, वास नाही, घातक प्रमाणातही जाणवेल अशी चव नाही. पाणी उकळले तर ते जात नाही. उलट वाफेमुळे पाणी कमी होते आणि नायट्रेटची तीव्रता वाढते. ते मोजण्याच्या खटपटीचा इतिहास दीडशे वर्षांहून मोठा आहे, आणि त्याच्या सध्याच्या प्रकरणात तांबे व चांदी यांच्या नॅनोकणांना मोठे स्थान आहे.

भारतीय मातीला नायट्रेट नवे नाही. बिहारच्या गावांत पावसाळा सरला की गोठ्यांजवळच्या आणि जुन्या भिंतींच्या पायथ्याच्या मातीवर पांढरा फुलोरा येत असे. नोनिया समाजातील लोक ती माती खरवडून गोळा करीत, मातीच्या गाळणीतून तिच्यावर पाणी सोडीत, आणि झिरपलेला अर्क आटवून सोऱ्याचे स्फटिक काढीत. सोरा म्हणजे पोटॅशियम नायट्रेट, बंदुकीच्या दारूचा प्राण. सतराव्या शतकात डच आणि इंग्रज व्यापारी पाटण्याला वखारी थाटून बसले त्यामागे या पांढऱ्या फुलोऱ्याचा मोठा वाटा होता. प्लासीच्या लढाईनंतर, १७५८ मध्ये, ईस्ट इंडिया कंपनीने मीर जाफरकडून बिहारच्या सोऱ्याचा मक्ताच मिळवला. युरोपातील युद्धांत उडालेल्या तोफांच्या धुरात बिहारच्या गोठ्यांतील गोमूत्राचा अंश होता असे म्हटले, तर ती अतिशयोक्ती ठरणार नाही.

हा फुलोरा येतो कसा, याचा उलगडा मात्र पुष्कळ उशिरा झाला. १८७७ मध्ये श्लेझिंग आणि म्युंत्झ या फ्रेंच संशोधकांनी दाखवून दिले, की अमोनियाचे नायट्रेट होणे ही सूक्ष्मजीवांची करणी आहे. १८९० च्या सुमारास विनोग्राडस्की यांनी ते जिवाणू वेगळे काढले. १९११ मध्ये पुसा येथील कृषी संशोधन संस्थेतून लेदर आणि मुखर्जी यांची भारतीय सोरा उद्योगावरची पुस्तिका प्रसिद्ध झाली, तेव्हा चिलीच्या नायट्रेटपुढे हा उद्योग उतरणीला लागलेला होता. पण जिवाणूंचे काम थांबले नव्हते. मूत्र, मैला आणि शेणखत यांच्या जोडीला पुढे रासायनिक खते आली. सिंदरीचा कारखाना १९५१ मध्ये सुरू झाला, हरितक्रांतीनंतर युरिया शेतोशेती पोहोचला, आणि पिकाने न उचललेला नायट्रोजन नायट्रेटच्या रूपाने विहिरींत उतरू लागला. एके काळी ज्याच्यासाठी मक्ते मिळवले जात, तेच आता प्रदूषक म्हणून मोजावे लागते.

ते घातक का, हे १९४५ मध्ये स्पष्ट झाले. अमेरिकेच्या आयोवा राज्यात डॉ. हंटर कॉमली यांच्याकडे निळसर पडलेली तान्ही बालके आली. त्यांच्या दुधाच्या भुकटीत विहिरीचे पाणी मिसळले जात होते आणि त्या पाण्यात नायट्रेट भरपूर होते. शरीरातील जिवाणू नायट्रेटचे नायट्राइट करतात. नायट्राइट हे हिमोग्लोबिनमधील लोहाचे ऑक्सिडीकरण करते, आणि तसे झालेले रक्त ऑक्सिजन वाहू शकत नाही. मोठ्या माणसाच्या रक्तातील एक विकर हा बिघाड सतत दुरुस्त करीत असते. तान्ह्या मुलात ते अपुरे असते. पुढे अमेरिकेतील अशा नोंदी एकत्र करून १९५१ मध्ये वॉल्टन यांनी आढावा घेतला. नायट्रोजनच्या हिशेबाने १० मिलिग्रॅम प्रति लिटर ही अमेरिकी मर्यादा त्यातून आली. नायट्रेटच्या हिशेबाने ती साधारण ४४ भरते. आपल्याकडील ४५ चा आकडा त्याच कुळातला आहे.

भारतातही याचा अभ्यास झाला. १९९९ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या बुलेटिनमध्ये राजस्थानातील पाच ठिकाणांची पाहणी प्रसिद्ध झाली. तेथील पिण्याच्या पाण्यात नायट्रेट २६ पासून ४५९ मिलिग्रॅम प्रति लिटरपर्यंत होते. शरीर काही मर्यादेपर्यंत जुळवून घेते, दुरुस्ती करणाऱ्या विकराचे काम वाढते, असे त्या पाहणीत दिसले. पण ही सवड अमर्याद नाही, हेही दिसले. ४५९ म्हणजे मानकाच्या दहापट. असे पाणी कोणी घागरीत भरत असेल, तर त्याला ते आधी कळायला हवे.

येथे रसायनशास्त्रज्ञांची खरी अडचण सुरू होते. क्लोराइड ओळखायचे तर सिल्व्हर नायट्रेटचे दोन थेंब पुरतात, लगेच पांढरा साका बसतो. सल्फेटसाठी बेरियम आहे. पण नायट्रेटचे जवळजवळ सगळे क्षार पाण्यात विरघळतात, त्यामुळे ते साक्यात सापडत नाही. शाळेच्या प्रयोगशाळेत केली जाणारी तपकिरी कड्याची चाचणी नायट्रेट आहे की नाही एवढे सांगते. किती आहे हे सांगण्यास ती दुबळी आहे. म्हणून विश्लेषकांनी आडवाट धरली. नायट्रेटला पकडता येत नसेल तर त्यातील एक ऑक्सिजन काढून त्याचे नायट्राइट करावे आणि त्याला पकडावे. नायट्राइट पकडण्याची युक्ती १८७९ मध्ये योहान पीटर ग्रीस यांनी दिली होती. हे जर्मन रसायनशास्त्रज्ञ इंग्लंडमधील बर्टन-ऑन-ट्रेंट येथे एका बिअरच्या कारखान्यात नोकरीला होते, आणि रंगद्रव्यांच्या आधुनिक रसायनशास्त्राचा पाया त्यांनी फावल्या वेळात घातला! त्यांच्या अभिक्रियेत नायट्राइटमुळे गुलाबी-लाल रंग येतो आणि रंगाच्या गडदपणावरून प्रमाण कळते. नायट्रेटचे नायट्राइट करण्यासाठी १९६० च्या दशकात कॅडमियमचे, पुढे तांबे चढवलेल्या कॅडमियमचे स्तंभ रूढ झाले. पद्धत उत्तम आणि अचूक होती. मात्र कॅडमियम स्वतःच विषारी. पाण्यातील एक विष मोजण्यासाठी दुसरे विष हाताळावे लागणे हा या पद्धतीचा कायमचा डाग ठरला.

नायट्रेट आणि नायट्राइट यांच्या या नात्यात एक भारतीय पानही आहे. १८९५ मध्ये कलकत्त्याच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात प्रफुल्लचंद्र रे सौम्य नायट्रिक आम्लात पारा ठेवून मर्क्युरस नायट्रेट बनवू पाहत होते. त्यांना अनपेक्षितपणे पिवळे स्फटिक मिळाले. ते मर्क्युरस नायट्राइट होते, आणि या शोधामुळे रे यांचे नाव युरोपात पोहोचले. या प्रयोगाकडे आजच्या नजरेने पाहिले तर एक गोष्ट लक्षात येते : बाहेरून वेगळा क्षपणकारक न घालता, एका धातूच्या सान्निध्यात नायट्रेटमधील ऑक्सिजन सुटला आणि नायट्राइट तयार झाले. विद्युतरासायनिक संवेदकात नेमके हेच घडवून आणायचे असते. फरक एवढाच, की तेथे इलेक्ट्रॉन पुरवण्याचे काम बॅटरी करते आणि किती इलेक्ट्रॉन खर्च झाले याचा हिशेब विद्युतप्रवाह देतो.

तो हिशेब मांडण्याचे शास्त्र प्रागमध्ये जन्मले. १० फेब्रुवारी १९२२ रोजी यारोस्लाव्ह हेयरोव्स्की यांनी थेंबाथेंबाने गळणाऱ्या पाऱ्याचा इलेक्ट्रोड वापरून द्रावणातील पदार्थ ओळखण्याची रीत शोधली. तिला पोलरोग्राफी असे नाव मिळाले आणि १९५९ चे नोबेल पारितोषिकही. विद्युतविभव हळूहळू बदलत न्यावा. ज्या विभवाला प्रवाह एकदम वाढतो त्यावरून पदार्थ कोणता ते कळते, आणि प्रवाह किती वाढला त्यावरून तो किती आहे ते कळते. धातूंचे आयन या पद्धतीला सहज वश झाले. नायट्रेट मात्र हटून बसले. त्याला इलेक्ट्रॉन द्यायचा तर इलेक्ट्रोड ऋणप्रभारित करावा लागतो, आणि नायट्रेट स्वतः ऋणप्रभारित असल्याने त्यापासून दूर ढकलले जाते. लँथॅनमसारखे तीन धनप्रभारांचे आयन मध्यस्थीला घातले तरच पाऱ्यावर त्याचे क्षपण सुकर होते, हे तीसच्या दशकातच लक्षात आले. पण विहिरीच्या काठावर पारा आणि लँथॅनम घेऊन कोण जाणार?

मग धातू बदलून पाहण्याचे युग आले. प्लॅटिनमवर नायट्रेटऐवजी हायड्रोजनच जागा अडवतो. सोन्यावर अभिक्रिया अतिशय मंद. २००३ मध्ये नेदरलँड्समधील दिमा, द वूइस आणि कोपर यांनी अनेक धातूंची आम्ल द्रावणात एकाच मापाने तुलना केली. नाण्यांच्या धातूंत क्रम लागला तो असा : तांबे पहिले, चांदी दुसरी, सोने शेवटी. बाजारभावाच्या नेमका उलट! तांब्याच्या बाह्य इलेक्ट्रॉनांची ऊर्जा नायट्रेटच्या रिकाम्या कक्षेशी बरीच जुळते, त्यामुळे पहिला आणि सर्वांत अवघड इलेक्ट्रॉन तांबे त्याला तुलनेने सहज देते. एकदा ती पायरी ओलांडली की पुढचा उतार सोपा असतो. अनुकूल स्थितीत एक नायट्रेट आयन आठ इलेक्ट्रॉन घेऊन अमोनियापर्यंत जातो, आणि जितके इलेक्ट्रॉन अधिक तितका संकेत ठळक. ऑक्सफर्डमधील कॉम्प्टन यांच्या गटाने २००० मध्येच इलेक्ट्रोडवर तांब्याचा ताजा, सच्छिद्र थर चढवून नायट्रेट मोजून दाखवले होते. थर ताजा असणे महत्त्वाचे, कारण तांबे हवेत आणि पाण्यात लवकरच काळवंडते.

थर सच्छिद्र का हवा, याच प्रश्नातून नॅनोकणांचा प्रवेश होतो. एक सेंटिमीटर बाजूच्या घनाचे पृष्ठफळ सहा चौरस सेंटिमीटर. त्याच घनाचे दहा नॅनोमीटर बाजूचे तुकडे केले तर एकूण पृष्ठफळ सहाशे चौरस मीटर होते. अभिक्रिया पृष्ठभागावरच होत असल्याने धातू तोच राहून काम करणारी जागा दहा लाख पटींनी वाढते. शिवाय कणांच्या कडाकोपऱ्यांवरील अणूंना शेजारी कमी असतात. ते अधिक उत्सुकतेने अभिक्रियेत उतरतात.

अशा कणांची ओळखही जुनीच. १८५७ मध्ये मायकेल फॅरेडे यांनी सोन्याचे माणकासारखे लाल द्रावण तयार करून सांगितले, की हा रंग सोन्याच्याच अतिसूक्ष्म कणांचा आहे. १९५१ मध्ये टर्केविच यांनी सायट्रेट वापरून असे कण एकसारख्या आकाराचे बनवण्याची रीत घालून दिली. भारतात कलिल रसायनाची परंपरा शांतिस्वरूप भटनागर, ज्ञानेंद्रनाथ मुखर्जी आणि रे यांचे शिष्य नीलरतन धर यांच्यापासून चालत आलेली आहे. यांतील धर तर एकीकडे कलिलांचा अभ्यास करीत आणि दुसरीकडे उष्ण कटिबंधातील सूर्यप्रकाशाने मातीत नायट्रेट कसे बनते याचा. अलाहाबादच्या एकाच प्रयोगशाळेत हे दोन्ही धागे शेजारी होते. विद्युतरसायनासाठी तमिळनाडूतील कारैक्कुडी येथे अळगप्पा चेट्टियार यांनी ३०० एकर जमीन आणि १५ लाख रुपये दिले. तेथील केंद्रीय विद्युतरासायनिक संशोधन संस्था १९५३ मध्ये सुरू झाली. २००७ मध्ये केंद्र सरकारने नॅनो मिशन हाती घेतले, आणि धातूंचे नॅनोकण विद्यापीठांच्या प्रयोगशाळांत नेहमीचे झाले. याच सुमारास आयआयटी मद्रासमधील थलप्पिल प्रदीप यांच्या गटाचे चांदीच्या नॅनोकणांनी कीटकनाशके काढून टाकणारे तंत्र घरगुती जलशुद्धीकरण यंत्रात आले. नॅनोकण पिण्याच्या पाण्यापर्यंत पोहोचू शकतो, हे त्यातून सिद्ध झाले.

पुण्यातील एक काम तर या कथेत अगदी चपखल बसते. राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतील मुरली सास्त्री, अब्सार अहमद आणि त्यांचे सहकारी एकविसाव्या शतकाच्या आरंभी बुरशीकडून धातूंचे नॅनोकण बनवून घेत होते. फ्युझेरियम ऑक्सिस्पोरम ही बुरशी चांदीच्या आयनांच्या द्रावणात ठेवली की पेशीबाहेर चांदीचे कण तयार होत. हे काम कोणते विकर करते? २००७ मध्ये ही प्रयोगशाळा आणि पुणे विद्यापीठ येथील संशोधकांनी बुरशीतील नायट्रेट रिडक्टेज हे विकर वेगळे काढले, आणि त्याच्या साहाय्याने परीक्षानळीत १० ते 25 नॅनोमीटरचे चांदीचे कण बनवून दाखवले. निसर्गात या विकराचे काम नायट्रेटचे नायट्राइट करणे हे आहे. म्हणजे नायट्रेटला इलेक्ट्रॉन देणारे विकर चांदीला इलेक्ट्रॉन देऊन कण घडवते. आणि चांदीचा कण? २०१० मध्ये फ्रान्समधील तुलूझच्या संशोधकांनी सोन्याच्या इलेक्ट्रोडवर चांदीचे नॅनोकण विजेने बसवले, आणि त्या कणांनी नायट्रेटला इलेक्ट्रॉन देऊन त्याचे प्रमाण सांगितले. विकराने जे करावे ते कण करू लागला. या दोन कामांचा परस्परांशी थेट संबंध नव्हता, पण शेजारी ठेवून वाचावीत अशीच ती आहेत.

त्यानंतर शोधनिबंधांचा पूर आला. तांब्याचे कण, तांब्याच्या नॅनोतारा, तांबे-पॅलेडियम, तांबे-चांदी, ग्राफीनवर बसवलेले कण. प्रत्येक निबंधाच्या शेवटी एक तक्ता, आणि त्यात आमचा संवेदक सर्वांत कमी प्रमाण ओळखतो असा दावा. या स्पर्धेकडे थोडे कठोरपणे पाहणे आवश्यक आहे. ४५ मिलिग्रॅम प्रति लिटर म्हणजे सुमारे ०.७३ मिलिमोल प्रति लिटर. विद्युतरसायनाच्या दृष्टीने हे प्रमाण भरपूर आहे; त्याच्या हजाराव्या भागापर्यंत पोहोचल्याने विहिरीचे पाणी पिणाऱ्याचा काही लाभ होत नाही. त्याला हवे आहे ते वेगळेच. तीस मिलिग्रॅम आणि साठ मिलिग्रॅम यांतला फरक तोच संवेदक आज, पुढच्या महिन्यात आणि दुसऱ्या गावातही तितक्याच खात्रीने सांगेल काय?

खरी कसोटी शुद्ध पाण्यात होत नाही. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात क्लोराइड २५० मिलिग्रॅम प्रति लिटरपर्यंत स्वीकार्य आहे, आणि दुसरा स्रोत नसेल तर १००० पर्यंत चालवून घेतले जाते. आयनांच्या संख्येत मोजले तर ४५ मिलिग्रॅमच्या एका नायट्रेट आयनामागे क्लोराइडचे जवळजवळ दहा ते चाळीस आयन. राजस्थान किंवा गुजरातच्या खाऱ्या पट्ट्यातील विंधनविहिरीत हेच वास्तव आहे. क्लोराइड तांब्याच्या पृष्ठभागाला चिकटते, त्याचे क्षरण वाढवते. चांदीवर सिल्व्हर क्लोराइडचा थर धरते. पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन जवळपास त्याच विभवाला इलेक्ट्रॉन घेतो आणि नायट्रेटच्या प्रवाहात आपला प्रवाह मिसळतो. प्रयोगशाळेत त्यासाठी नायट्रोजन वायू सोडून ऑक्सिजन हुसकून लावतात, बहुधा आम्लही घालतात. हातपंपाजवळ ही सोय नसते. नॅनोकणांचा दुसरा गुण येथेच त्यांच्यावर उलटतो : जो पृष्ठभाग नायट्रेटसाठी उत्सुक, तो गंजण्यासाठीही तितकाच उत्सुक. कण विरघळतात, एकमेकांत मिसळून मोठे होतात, आणि सकाळी केलेले अंशांकन संध्याकाळी खोटे ठरू शकते.

आणखी एक सूक्ष्म मुद्दा विद्यार्थ्यांनी ध्यानात ठेवण्याजोगा आहे. कण विरळ पसरलेले असतील तर प्रत्येक कणाकडे नायट्रेट चहूबाजूंनी धावते आणि क्षेत्रफळाच्या मानाने प्रवाह वाढतो. पण कण दाटीवाटीने बसले की त्यांची ओढीची क्षेत्रे एकमेकांत मिसळतात, आणि संपूर्ण इलेक्ट्रोड सपाट पत्र्यासारखा वागू लागतो. तेव्हा नॅनोमुळे मिळालेला म्हणून सांगितलेला पुष्कळसा लाभ निव्वळ खडबडीत पृष्ठभागाचा असू शकतो. चांगला निबंध आणि सामान्य निबंध यांतील फरक बहुधा हा हिशेब मांडला आहे की नाही यावर ठरतो.

तरीही या वाटेचा आग्रह सोडता येत नाही, कारण दुसऱ्या वाटांना वेळेचे बंधन आहे. नायट्रेटसाठी घेतलेला नमुना थंड ठेवून साधारण ४८ तासांत तपासावा लागतो. नाही तर बाटलीतील जिवाणू आपले काम चालू ठेवतात आणि अहवालातील आकडा विहिरीतल्या पाण्याचा राहत नाही. मे महिन्यात बाडमेरच्या वाडीवरून निघालेली बाटली जिल्ह्याच्या प्रयोगशाळेत बर्फात पोहोचेल, याची हमी कोणी द्यावी? २०१९ मध्ये सुरू झालेल्या जल जीवन मिशनने गावोगावी महिलांना पाणी तपासण्याचे प्रशिक्षण दिले आणि क्षेत्रीय चाचणी संच पुरवले. २०२० मध्ये सहज नेता येण्याजोगे पाणी-तपासणी उपकरण बनवण्याचे आव्हान नवउद्योजकांपुढे ठेवले. नायट्रेटसाठीच्या अशा अनेक संचांत जस्ताची भुकटी नायट्रेटचे नायट्राइट करते, मग ग्रीस यांच्या अभिक्रियेचा गुलाबी रंग येतो, आणि परीक्षानळी छापील रंगपट्टीशेजारी धरून उन्हात डोळ्यांनी छटा जुळवावी लागते. रंगपट्टीवर ४५ ची छटा आणि तिच्यापुढची छटा यांत अंतर थोडेच असते. तांब्याच्या कणांचा इलेक्ट्रोड त्या दोन छटांच्या मधला आकडा देऊ शकतो; खाऱ्या पाण्यात तो महिनाभर टिकवून धरण्याचे काम प्रयोगशाळांत चालू आहे.